पानिपतची उपाशी घोडी

लखनौला येऊन आठ महिने झाले. इथल्या छावणीत सकाळी साडेपाचला धुकं इतकं दाट असतं की समोरचा माणूस आधी ऐकू येतो, मग दिसतो. त्या धुक्यातून रोज चालत घोड्यांच्या लाईनीकडे जायची सवय मला इथे पुन्हा लागली. खडकवासल्याला असताना घोडेस्वारीच्या तासाला उस्तादांनी जे काही शिकवलं, त्यातलं निम्मं पडताना शिकलो आणि उरलेलं लीद उचलताना. पंचवीस वर्षांनी त्यातलं लीद उचलणंच जास्त उपयोगी पडलं.

लाईनीत एक अठरा वर्षांची घोडी आहे. कागदोपत्री तिला नंबर आहे, पण सगळे तिला मैना म्हणतात. ऑक्टोबरपासून ती वाळायला लागली. आधी मानेची कमान गेली, मग बरगड्या दिसू लागल्या, मग पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंना खळगे पडले. छातीच्या घेरावर टेप लावून वजनाचा अंदाज घेतला जातो, तो ४१० किलोवरून ३५२ वर आला. घोड्याच्या अंगकाठीची १ ते ९ अशी एक मोजपट्टी असते. टेक्सासच्या हेनेके नावाच्या अभ्यासकाने ती १९८३ मध्ये मांडली. आमच्या कॅप्टन डॉक्टरने बोटांनी बरगड्या चाचपल्या आणि तिला ३ दिले. ‘सर, दोनकडे चाललीय,’ असंही म्हणाला.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं. डॉक्टर पोरगा दातांची आणि लिदीची तपासणी करतो म्हणाला होता, त्याला दोन दिवस लागणार होते. मला धीर धरवला नाही. आपल्याकडे वाळलेल्या जनावराला काय करतात? दाणा वाढवतात. मी संध्याकाळी तिच्या तोबऱ्यात नेहमीच्या दुप्पट हरभरा घातला, वर गूळ. मैनाने तो आवडीने खाल्ला. मी खूश होऊन घरी गेलो.

रात्री दीडला फोन आला. पोहोचलो तेव्हा घोडी पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघत होती, बसत होती, लोळत होती, पुन्हा उठत होती. थंडीत तिच्या अंगावरून घामाच्या धारा. म्हातारा सईस लगाम धरून तिला फिरवत होता. मला बघून एवढंच म्हणाला, “साहब, कुरकुरी है. आपने दाना बढ़ाया था क्या?” खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

आपण ज्याला पोटशूळ म्हणतो, त्याला इकडे कुरकुरी म्हणतात. घोडा ओकू शकत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेलं वर येत नाही. जठरही छोटं, चारशे किलोच्या जनावरात जेमतेम आठ ते पंधरा लिटर. खरं पचन मागे होतं, तीस-एक लिटरच्या आंधळ्या आतड्यात आणि त्यापुढच्या मोठ्या आतड्यात, तेही कोट्यवधी सूक्ष्म जंतूंच्या भरवशावर. हे जंतू गवताला सरावलेले असतात. अचानक भरपूर दाणा आला की भलतेच जंतू माजतात, वायू धरतो, आम्ल तयार होतं. ते रक्तात उतरलं की पोटाबरोबर खुरांनाही सूज येते आणि घोडा पाय टाकेनासा होतो. म्हणजे रोगी पोट असतं आणि लंगडतो पाय.

डॉक्टरने नाकातून नळी घालून जठर मोकळं केलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, कान लावून आतड्यांचा आवाज ऐकत बसला. पहाटे चारच्या सुमारास मैनाने लीद टाकली. लिदीकडे इतक्या आनंदाने बघणारे तीन माणसं मी याआधी पाहिले नव्हते.

त्या रात्री, घोडी चालवत असताना, माझ्या डोक्यात पानिपत आलं. मराठी माणसाच्या डोक्यात ते कधीही येतं, हे खरं. पण या वेळी भाऊसाहेब आले नाहीत, विश्वासराव आले नाहीत. त्यांची घोडी आली.

लखनौत बसून पानिपतचा विचार करणं तसं उफराटं नाही. अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला. त्याची राजधानी फैजाबाद, मुलगा आसफउद्दौला याने ती १७७५ मध्ये लखनौला आणली. याच शुजाच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दख्खनी ब्राह्मण होता. दोन्ही छावण्यांत बोलणी चालायची, त्यात तो असायचा. लढाईनंतर विश्वासराव आणि भाऊ यांच्या अंत्यसंस्कारांची व्यवस्था शुजाने केली, त्यातही त्याचा हात होता. त्याने १७८० मध्ये फारसीत लिहिलेली हकिकत पुढे जेम्स ब्राऊनने इंग्रजीत नेली. आपल्या पराभवाचं सर्वांत नेमकं वर्णन शत्रूच्या तंबूतल्या आपल्याच माणसाने लिहून ठेवलं आहे.

काशीराज तोफा आणि सरदारांबद्दल लिहितोच, पण त्याच्या हकिकतीत उपासमार सतत डोकावते. ती नीट समजायची तर आधी थोडा हिशेब करू. हिशेब माझा आहे, कोणत्या बखरीतला नाही. घोडदळ पन्नास हजार धरा, आकड्यावर वाद घालणारे घालोत. दख्खनी तट्टू लहान चणीचं, म्हणून त्याला दिवसाला सहा किलो वैरण आणि दोन किलो दाणा पुरेल असं धरू. रोज ३०० टन वैरण, १०० टन दाणा. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो म्हटलं तर नुसत्या दाण्याला रोज हजार बैल. आणि त्या बैलांनाही खायला लागतं. त्यात तोफखान्याचे बैल, हत्ती, उंट, बाजारबुणगे, तीर्थयात्रेला म्हणून आलेली कुटुंबं वेगळीच.

मराठी फौज १७६० च्या ऑक्टोबरअखेर पानिपतला थांबली आणि १४ जानेवारी १७६१ ला लढली. पंच्याहत्तर दिवस. एका जागी इतकं घोडदळ इतके दिवस उभं राहणं ही मराठी युद्धपद्धतच नव्हती. आपलं घोडं चालता चालता चरायचं. माझं गाव इंदापूरकडे, म्हणजे जुन्या भीमथडीच्या मुलखात. भीमथडीचं तट्टू भीमा-नीरेच्या काठच्या गवतावर, कडब्यावर, मूठभर कुळीथ-हरभऱ्यावर वाढलेलं. दिसायला किरकोळ, पण दिवसभर चालेल. त्याची सगळी ताकद गावागावातून जे मिळेल ते खात पुढे सरकण्यात होती. पानिपतला त्याला खंदकाआड बांधलं. अगाडी-पिछाडी लावून उभं केलेलं तट्टू फक्त समोर टाकलेलंच खाऊ शकतं.

आणि समोर टाकायला उरलं नाही. दिल्लीतच पैशाची आणि वैरणीची ओढाताण सुरू झाली होती. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला तेव्हा अब्दालीसाठी साठवलेलं धान्य हाती लागलं, त्यावर काही दिवस निघाले. मग अब्दाली बागपताजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि दिल्लीचा रस्ता तुटला. पतियाळाच्या आलासिंगाकडून काही काळ रसद आली, तीही वाट बंद पडली. गोविंदपंत बुंदेल्यांनी दुआबातून शत्रूची रसद तोडायची आणि आपल्याला पोहोचवायची, असं भाऊंनी पत्रांमागून पत्रं लिहून सांगितलं होतं. म्हाताऱ्या गोविंदपंतांना डिसेंबरात अताई खानाच्या स्वारांनी अचानक गाठून मारलं. अब्दालीच्या पाठीशी मात्र नजीबाचा रोहिलखंड आणि दुआब होता. त्याच्या घोड्यांचं ठाण रिकामं पडलं नाही.

रात्री छावणीबाहेर गवत-लाकूड आणायला गेलेले लोक कापले गेल्याचं काशीराज सांगतो आणि आकडा वीस हजार देतो. आकडा मला फुगलेला वाटतो, पण प्रसंग खोटा वाटत नाही. गवतासाठी जीव धोक्यात घालून अंधारात जाणारा माणूस हा बहुधा मोतद्दार असणार. जनावरापुढे रिकामा तोबरा घेऊन उभं राहणं काय असतं ते मला आता थोडंफार कळतं.

उपाशी घोड्याचं काय होतं? पहिले काही दिवस तो चरबीवर काढतो. मग स्वतःचे स्नायू जाळायला लागतो, आधी पाठ आणि पुठ्ठे, म्हणजे नेमके ज्यांच्यावर स्वार बसतो आणि ज्यांनी घोडा झेप घेतो तेच. वैरण नसली की माती चाटतो, लाकूड कुरतडतो, शेजारच्याची शेपूट चावतो. मातीची वाळू आतड्यात साठते आणि शूळ उठतो. थंडीत तो पाणीही कमी पितो. कोरडं भुसकट आणि कमी पाणी म्हणजे आतडं तुंबायला आणखी निमंत्रण. एकतृतीयांशाच्या आसपास वजन गेलेलं जनावर एकदा बसलं की क्वचितच उठतं. पानिपतच्या छावणीत मेलेल्या जनावरांच्या दुर्गंधीने माणसं आजारी पडू लागली, ती इतकी की लढाईपेक्षा दुर्गंधीची भीती जास्त, असं जुने लेख वाचताना वाटतं.

पण मला अडकवून ठेवलं ते १३ जानेवारीच्या रात्रीने. सरदार भाऊंच्या डेऱ्यात जमले, दोन दिवस अन्न नाही म्हणाले, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणाले. विडे वाटले गेले. आणि काशीराज म्हणतो, कोठीत उरलंसुरलं धान्य वाटून टाकायचा हुकूम झाला, म्हणजे प्रत्येकाला एक वेळ तरी पोटभर खायला मिळेल. शिपाई म्हणून ती आज्ञा मला समजते. मी असतो तर मीही तीच दिली असती. आता त्या रात्रीच्या एखाद्या बारगिराची कल्पना करा. हातात दोन पसे हरभरा आहे, उद्या मरायचं आहे, आणि ज्याच्या पाठीवर बसून मरायचं तो मुका जीव शेजारी थरथरत उभा आहे. बारगीर एकटा खाईल? मला नाही वाटत. त्याने निम्मा हरभरा तोबऱ्यात टाकला असणार.

आणि ज्याने तो टाकला, त्याने मी केलं तेच केलं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं, की उपाशी घोड्याला एकदम दाणा दिला तर रक्तात साखर उसळते, तिच्यामागोमाग फॉस्फरस आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढले जातात, आणि हृदय, श्वास, मज्जा सगळं कोलमडतं. असा घोडा उपासाने मरत नाही. खायला मिळाल्यावर तीन ते पाच दिवसांत मरतो. त्यांना सर्वांत सोयीची दिसली ती लसूणघास, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, दहा दिवस हळूहळू वाढवत. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतून सुटलेली माणसंही पहिल्या भरपेट जेवणाने दगावली होती. आपल्याकडे एकादशीच्या पारण्याला जपून खायला सांगतात, तिथे अर्थात दोन महिन्यांचा उपास नसतो.

१४ तारखेला पहाटे फौज निघाली. दुपारपर्यंत मराठी हल्ल्याने शाहवलीखानाची मधली फळी जवळजवळ फोडली होती, हे विसरून चालणार नाही. ज्या जनावरांच्या पोटात काही नव्हतं, किंवा रात्री पडलेला हरभरा फुगत होता, त्यांनी एवढं केलं. मग अब्दालीने मागे राखलेले ताजे स्वार सोडले. ताजे म्हणजे खाऊनपिऊन तयार असलेल्या घोड्यांवरचे. अडीचशे-तीनशे किलोवर उतरलेल्या तट्टावर जीन, हत्यारं आणि स्वार मिळून ऐंशी-नव्वद किलो. पहिली झेप त्याने घेतली असेल, दुसरी झेप त्याच्या अंगात नव्हती. पळतानाही नव्हती, म्हणून पाठलागात इतकी माणसं गेली.

पानिपत घोड्यांमुळे हरलो असं मी म्हणत नाही. असं एका कारणाचं इतिहासलेखन मला पटत नाही, आणि त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ वाचलेल्या वाचकाला तर मी ते सांगूच शकत नाही. राजकारण, बुणगे, सूरजमलाचा सल्ला, तोफा आणि घोडदळाची न जुळलेली सांगड, सगळं आहेच. पण आपल्या लेखनात गोलाच्या लढाईवर प्रकरणंच्या प्रकरणं येतात आणि वैरणीवर एक परिच्छेद. मी हेडक्वार्टरमध्ये रसदीची फाईल तीन वर्षं सांभाळली आहे, म्हणून कदाचित ते मला खुपतं.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणीला असलेल्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र बहुतेकांना रयतेच्या भाजीच्या देठासाठी आठवतं. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या चाऱ्याचं आहे. मोठ्या कष्टाने दाणा-गवत जमवून दिलं आहे, ते आताच मन मानेल तसं उधळलं तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल. गवताच्या गंजीजवळ आगट्या, दिवे नकोत, उंदीर पेटती वात घेऊन जाईल, इथपर्यंत सूचना. पावसाळ्यातली उपासमार उन्हाळ्यातच दिसणं, हे सेनापतीचं काम. मला ते पत्र गनिमी काव्याच्या कुठल्याही वर्णनापेक्षा मोठं वाटतं.

त्याच सुमारास मी एका रविवारी इथल्या रेसिडेन्सीत गेलो. लाल विटांचे छर्‍यांनी खरवडलेले अवशेष, आता प्रेमी युगुलं आणि माकडं. ३० जून १८५७ ला चिनहटला मार खाऊन इंग्रज आत कोंडले गेले. आतली घोडी आणि बैल वैरण-पाण्याविना सैरभैर फिरत मेली, आणि त्यांना रात्री गोळीबारात पुरणं हेही शिबंदीचंच काम होऊन बसलं. हेन्री लॉरेन्सने मात्र वेढ्याआधी धान्य भरून ठेवलं होतं, काही तर पोहण्याच्या हौदात. तो जुलैच्या सुरुवातीलाच मेला. सप्टेंबरअखेर आउट्रम आत शिरला तेव्हा त्याला वाटत होतं की आत शिधा संपत आलाय, नंतर तो हौद मोजला गेला. कुठे काय साठवलंय हे एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नये, हे माझ्या क्वार्टरमास्तर मित्रांना मी फोटोसकट पाठवलं.

आणखी एक लखनवी गृहस्थ भेटले, ते पुस्तकातून. सआदत यार खाँ ‘रंगीन’. उर्दूत रेख्तीसाठी, म्हणजे बायकांच्या बोलीतल्या चावट कवितेसाठी, ते प्रसिद्ध. पण घोड्यांचे पक्के जाणकार. १७९५ च्या सुमारास त्यांनी ‘फरसनामा’ लिहिला, फिलॉटने १९११ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं. त्यात रंगांचे आणि अंगावरच्या भोवऱ्यांचे शुभाशुभ आहे, ते सोडून द्या. पण खाणं आणि आजार यांवर ज्या बारकाईने माणूस लिहितो, त्यावरून त्याने रात्री जागवलेल्या असणार. मी आमच्या म्हाताऱ्या सईसाला त्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “शायर थे? तो घोड़ा ज़रूर उनका अपना रहा होगा.”

मैनाचं कारण शेवटी साधंच निघालं. दाढांच्या बाहेरच्या कडा सुरीसारख्या झाल्या होत्या, चावताना गाल कापले जायचे. ठाणाखाली अर्धवट चावून टाकलेल्या गवताच्या गोळ्या पडलेल्या असायच्या. त्या मी रोज बघत होतो आणि मला काही सुचलं नव्हतं. लिदीत अख्खा हरभरा यायचा, म्हणजे मी घातलेला दाणा तिच्या अंगी लागतच नव्हता. शिवाय जंत होते. डॉक्टरने कानशीने दात घासले, जंतांचं औषध दिलं आणि फळ्यावर खडूने तक्ता लिहिला: पहिले तीन दिवस फक्त ओली लसूणघास आणि बरसीम, थोडी थोडी, दिवसात सहा वेळा. कोमट पाणी. पाचव्या दिवसापासून भिजवलेला कोंडा, त्यात चमचाभर मीठ. आठव्या दिवसापासून उकडलेलं जवस. हरभरा दहाव्या दिवसानंतर, भरडून, भिजवून, मूठभर. तक्त्याच्या खाली त्याने इंग्रजीत लिहिलं होतं की डॉक्टरखेरीज कोणी दाणा वाढवू नये. नाव लिहिलं नव्हतं. पोराला शिस्त आहे.

१४ जानेवारीला इकडे ‘खिचडी’ असते, आपली संक्रांत. बायकोने तिळगुळाचा डबा दिला होता, लाईनीतल्या सगळ्यांना वाटला. धुकं अजून उतरलं नव्हतं. टेप लावला, ३७४. सईसाने तोबरा माझ्या हातात दिला आणि मुठीने दाखवलं, एवढाच. मैना मान पुढे करून तिळगुळाच्या खिशाशी हुंगत होती. मी खिशाला बटण लावलं.